टीएसडी रॅलीचे ॲप: किलोमीटर कोणाचा आणि घड्याळ कोणाचे?

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात गाड्यांचे शौकीन भरपूर आहेत, पण देशातले मोठे रेसिंग ट्रॅक इथून दूर, म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. त्यामुळे रोजच्या वापरातली गाडी, शेजारी बसलेला एक हिशोबी नेव्हिगेटर आणि रविवारची सकाळ एवढ्या भांडवलावर खेळता येणारा मोटरस्पोर्टचा प्रकार म्हणून हौशी मंडळी टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स (वेळ-वेग-अंतर), रॅलीकडे वळतात. अशा रॅली भरवणाऱ्या एखाद्या क्लबच्या बैठकीत आज ना उद्या कोणीतरी विचारतेच, की आपले स्वतःचे ॲप का करू नये? नोंदणी, नकाशा, गाड्यांचा थेट माग आणि संध्याकाळी निकाल, असे चार पडदे डोळ्यांसमोर येतात आणि काम सोपे वाटू लागते. पडदे खरोखरच सोपे असतात. अवघड असते ते त्या पडद्यांमागचे मोजमाप, आणि या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

आधी खेळ समजून घेऊ. टीएसडीमध्ये सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. आयोजक एक रोडबुक देतात, ज्यात प्रत्येक वळणाचे बाणाने काढलेले छोटे चित्र, म्हणजे ट्युलिप, आणि त्यासमोर सुरुवातीपासूनचे अंतर छापलेले असते. सोबत वेगाचा तक्ता असतो आणि कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत किती सरासरी वेग ठेवायचा, हे त्यात दिलेले असते. वाटेत कुठेतरी, आधी न सांगितलेल्या जागी, मार्शल बसलेले असतात. गाडी त्यांच्यासमोरून ज्या क्षणी जाते तो क्षण नोंदला जातो आणि तक्त्यानुसार ती जेव्हा यायला हवी होती त्या वेळेशी ताडून पाहिला जातो. उशीर झाला तर दंडाचे गुण मिळतात, लवकर आले तरी मिळतात, आणि बऱ्याच आयोजनांत लवकर येण्याचा दंड उशिरा येण्याच्या दुप्पट असतो, जेणेकरून कोणाला गाडी पळवण्याचा मोह होऊ नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, खारघरहून निघून पनवेल, कर्जत, म्हसा, मुरबाड अशा वाटेने माळशेजच्या पायथ्यापर्यंत रॅली आहे आणि मधल्या एका टप्प्याचा तक्ता असा आहे: ० ते ७.२० किमी ताशी ३६ किमी, ७.२० ते १२ किमी ताशी ३२ किमी आणि १२ किमीपासून पुढे ताशी ३९ किमी. पहिल्या भागाला १२ मिनिटे लागतात, दुसऱ्या भागातल्या ४.८० किमीला ९ मिनिटे, आणि १८.५० किमीवर मार्शल बसलेला असेल तर शेवटच्या ६.५० किमीला १० मिनिटे. एकूण ३१ मिनिटे. ७ वाजून ४ मिनिटांनी सुटलेली गाडी तिथे ७ वाजून ३५ मिनिटांनी पोहोचायला हवी. एवढे गणित कोणताही फोन क्षणार्धात करतो, आणि म्हणूनच अनेकांना वाटते की ॲपचे काम इथे संपले.

खरे तर ते इथून सुरू होते. हा हिशोब बरोबर ठरण्यासाठी गाडी या क्षणी नेमकी कोणत्या किलोमीटरवर आहे हे अचूक कळावे लागते. ट्रिपमीटर, म्हणजे कापलेले अंतर दाखवणारा मापक, २ टक्के जास्त दाखवत असेल, तर त्याच्यावर विसंबून तंतोतंत चालवणारा चालक १८.५० किमीच्या मार्शलसमोर सुमारे ३४ सेकंद उशिरा पोहोचतो. स्पर्धा सेकंदांवर मोजली जात असेल तर एवढ्या फरकाने निकालातले स्थान सहज बदलते. चढ्या दाखवणाऱ्या मीटरने उशीर, उतरत्या दाखवणाऱ्या मीटरने लवकर, आणि लवकरचा दंड दुप्पट.

आता फोन अंतर कसे मोजतो ते पाहू. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संकेत फोनपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो त्यांचे अंतर काढतो आणि किमान चार उपग्रहांच्या आधारे स्वतःची जागा ठरवतो. प्रकाशाच्या वेगाने एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर अंतर कापले जाते, त्यामुळे वेळेतली अगदी बारीक चूकही जमिनीवर मीटरांत उमटते. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, वर मेट्रोचा उन्नत मार्ग आणि दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मजली इमारती असताना, तोच संकेत भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या सोसायटीच्या आवारात जाऊन उभा राहतो. म्हणून रॅलीचा मोजणीचा टप्पा अशा ठिकाणी ठेवूच नये, हा निर्णय ॲप लिहिणाऱ्याने नव्हे तर मार्ग आखणाऱ्याने घ्यायचा असतो. पण ॲप लिहिणाऱ्याने तो त्याच्या कानावर घालायला हवा.

फोनला दर सेकंदाला एक बिंदू मिळतो, म्हणजे अक्षांश आणि रेखांशाची एक जोडी. दोन बिंदूंमधले अंतर काढताना नवशिका प्रोग्रामर अंश सरळ वजा करून मोकळा होतो, आणि तिथे पहिली चूक होते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी असतात, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे ठाण्याच्या, म्हणजे साधारण १९.२ अंश उत्तर, अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमीचाच भरतो. दोन्ही सारखे धरले तर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर जवळपास ६ टक्के चूक होते. पृथ्वीचा गोल आकार लक्षात घेणारे हॅव्हरसाइन नावाचे सूत्र वापरले की हा प्रश्न मिटतो, आणि ते सूत्र प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत तयार मिळते. बिंदू साठवताना दशांशानंतर किमान पाच अंक ठेवावेत. पाचव्या अंकाची किंमत सुमारे १.१ मीटर असते, तर चौथ्यावर थांबलात तर एकदम ११ मीटर.

दुसरी अडचण घाटात येते. फोन दोन बिंदूंमधले अंतर सरळ रेषेत मोजतो, गाडी मात्र वळणावळणाने गेलेली असते. रांगोळीतली कमळाची पाकळी फूटपट्टीने मोजावी तसा हा प्रकार आहे. दर सेकंदाला बिंदू घेतला तर नुकसान किरकोळ असते: १५ मीटर त्रिज्येच्या, केसाच्या आकड्यासारख्या वळणावर ताशी १८ किमी वेगाने अर्ध्या टक्क्याहून कमी. पण बॅटरी वाचावी म्हणून कोणी दर पाच सेकंदांनी बिंदू घेण्याचे ठरवले, तर त्याच वळणावर गाडी २५ मीटर जाते आणि फोन जेमतेम २२ मीटर मोजतो, म्हणजे ११ टक्के कमी. एका वळणाचे तीन मीटर क्षुल्लक वाटतात, पण माळशेजसारख्या घाटात अशी वळणे एकामागून एक येत राहतात. बॅटरीची काटकसर इथे करू नये. फोन चार्जरला लावावा.

तिसरी अडचण गाडी उभी असताना येते, आणि ती सर्वांत फसवी आहे. कर्जतच्या बाजूला रेल्वे फाटक बंद आहे म्हणून गाडी ५ मिनिटे थांबली. गाडी हलत नाही, पण फोनने ठरवलेली जागा मात्र सतत थोडीथोडी सरकत राहते. ती दर सेकंदाला अर्धा मीटर जरी सरकली, तरी ५ मिनिटांत ट्रिपमध्ये १५० मीटर जास्तीचे जमा होतात. यावर सरळ उपाय म्हणजे वेग अमुक एका मर्यादेखाली असेल तर अंतर मोजायचेच नाही. मात्र ही मर्यादा जास्त ठेवली, तर घाटात मालट्रकच्या मागे रांगत जाणाऱ्या गाडीचे खरे अंतरही बुडते. इथे एक गोष्ट उपयोगी पडते. उपग्रहाच्या संकेताच्या कंपनसंख्येत होणाऱ्या बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, फोन वेग थेट मोजू शकतो आणि हा वेग दोन बिंदूंच्या वजाबाकीतून काढलेल्या वेगापेक्षा बराच स्थिर असतो. त्या वेगाला वेळेने गुणून अंतर जमा करत गेले आणि फोनमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची त्याला जोड दिली, तर उभी गाडी आणि रांगणारी गाडी यांतला फरक बऱ्यापैकी ओळखता येतो.

काही जण सुचवतात की गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे बिघाड तपासण्याचे यंत्र जोडतात त्या जागी, ब्लूटूथ डोंगल बसवून थेट गाडीकडूनच वेग घ्यावा. कल्पना चांगली आहे, पण त्या मार्गाने मिळणारा वेग पूर्णांकात येतो: ३६ किंवा ३७, मधले काही नाही. ताशी ३६ किमीवर एका किमीचा फरक म्हणजे जवळपास ३ टक्के. बोगद्यात जीपीएसचा संकेत तुटल्यावर आधाराला म्हणून ओबीडी ठीक आहे, मुख्य मापक म्हणून नाही.

इतके सगळे करून फोनचे अंतर खरोखर अचूक आले, तरीही नेव्हिगेटर चुकू शकतो. कारण रोडबुकमधले अंतर उपग्रहांनी मोजलेले नसते. ते आयोजकांनी स्वतःच्या गाडीने, त्या गाडीच्या ट्रिपमीटरवर, टायरमधल्या त्या दिवशीच्या हवेनिशी मोजलेले असते. रॅलीच्या दिवसापुरता तोच किलोमीटर प्रमाण. म्हणून सुरुवातीला ओडो चेकचा टप्पा असतो: इथून त्या मैलाच्या दगडापर्यंत आमच्या मते १० किमी आहेत, तुमचे यंत्र जुळवून घ्या. तिथे फोनने ९.८७ किमी दाखवले तर फोनने दाखवलेले पुढचे प्रत्येक अंतर १०.०० भागिले ९.८७, म्हणजे सुमारे १.०१३ ने गुणायचे. माझ्या मते संपूर्ण ॲपमधली सर्वांत महत्त्वाची सोय हीच आहे, आणि जीपीएस अचूकच असते अशा समजुतीने ॲप लिहिणारे नेमकी हीच सोय विसरतात. वाटेतल्या प्रत्येक ट्युलिपवर, छापील अंतर आणि फोनचे अंतर यांत फरक दिसला की एका बटणाने ट्रिप जुळवता यायला हवी. शक्यतो ते काम फोनच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणावर द्यावे, कारण खडखडणाऱ्या रस्त्यावर, पावसाने ओल्या झालेल्या बोटाने पडद्यावरचे छोटे चौकोन नेमके दाबले जात नाहीत.

घड्याळाचीही हीच कथा आहे. फोनचे घड्याळ मोबाइल नेटवर्ककडून किंवा इंटरनेटवरून वेळ घेते. जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे चालते, कारण प्रमाणवेळेत अधूनमधून मिळवले जाणारे लीप सेकंद जीपीएसच्या घड्याळात धरले जात नाहीत. हा फरक जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांवर स्थिर आहे. फोन हा फरक वजा करूनच वेळ देतो, पण स्वतंत्र जीपीएस यंत्रातला कच्चा डेटा घेऊन काम करणाऱ्याने ही वजाबाकी आठवणीने करायला हवी. भारतीय प्रमाणवेळेची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. रॅलीत मात्र प्रमाण असते ते सुरुवातीच्या टेबलावरचे आयोजकांचे घड्याळ. ते दिल्लीच्या घड्याळापेक्षा ७ सेकंद मागे असले, तर त्या दिवशी सगळी रॅली ७ सेकंद मागे चालते आणि त्यात कोणावरही अन्याय होत नाही, फक्त सर्वांचे फोन त्याच घड्याळाशी जुळलेले हवेत.

जुळवायचे कसे? आयोजकांच्या घड्याळात मिनिट पूर्ण होताना बटण दाबायचे, असे चारपाच वेळा करायचे आणि मधला आकडा धरायचा. फोनचे घड्याळ बदलायचे नाही. ॲपने आपल्यापुरता फरक लक्षात ठेवायचा. सकाळी एकदा जुळवले की दिवसभर पुरते, कारण फोनमधल्या स्फटिकाची चाल दहा लाखांत २० एवढी चुकते असे धरले, तरी ८ तासांत ०.६ सेकंदापेक्षा कमीच फरक पडतो. आणखी एक बारकावा असा, की दोन घटनांमधला काळ मोजताना ॲपने भिंतीवरच्या घड्याळासारखी, मागेपुढे करता येणारी वेळ वापरू नये. फोन सुरू झाल्यापासून न थांबता पुढेच जाणारा एक मोजक प्रत्येक फोनमध्ये असतो, त्यावर भिस्त ठेवावी. नाहीतर वाटेत नेटवर्कने घड्याळ आपोआप दुरुस्त केले की टप्प्याचे गणित अचानक दोन सेकंदांनी उडी मारते आणि नेव्हिगेटर चालकावर ओरडू लागतो.

आता मार्शलच्या बाजूने पाहू. मार्शल म्हणजे म्हसा गावाच्या पुढे एखाद्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेला क्लबचाच सदस्य. तिथे मोबाइलची रेंज असेल असे गृहीत धरूच नये. त्यामुळे त्याचे ॲप आधी सगळे फोनमध्येच लिहून ठेवते आणि रेंज मिळेल तेव्हा सर्व्हरला पाठवते. याला ऑफलाइन-फर्स्ट पद्धत म्हणतात. अर्धवट रेंजमध्ये एकच नोंद दोनदा किंवा तीनदा जाण्याची शक्यता असते, म्हणून फोन प्रत्येक नोंदीला जागच्या जागी एक वेगळा ओळखक्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर त्याकडे दुर्लक्ष करतो.

नोंदीचा पडदा कसा असावा? सहज सुचणारी रचना अशी: गाडीचा क्रमांक टाका, मग बटण दाबा. प्रत्यक्षात हा क्रम उलटा हवा. गाडी समोरून जाते त्या क्षणी मार्शलने फक्त एक मोठे बटण दाबावे, वेळ नोंदली जावी, आणि क्रमांक नंतर सावकाश भरावा. दोन गाड्या एकामागोमाग आल्या तर दोनदा बटण, मग दोन क्रमांक. क्रमांक टाकण्यात गेलेले चार सेकंद कोणाच्या माथी मारले जात नाहीत. मार्शलने ७१ ऐवजी १७ टाकले आणि नंतर ते लक्षात आले, तर जुनी नोंद पुसू न देता तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद जोडावी. संध्याकाळी कोणी प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्ध हरकत, दाखल केला, तर कोणी, कधी, काय बदलले हे सगळ्यांसमोर ठेवता येते. वेळ सेकंदाच्या अंशासकट साठवावी आणि मिनिटाला पूर्ण करण्याचा किंवा दंडाचा नियम निकाल काढताना लावावा, कारण रस्त्यात झाड पडले म्हणून एखादा टप्पा रद्द करावा लागला तर सगळा निकाल नव्याने काढता आला पाहिजे. गाडीच्या वेळा लिहिण्याचे कागदी टाइम कार्ड मात्र बंद करू नये. मार्शलचा फोन बंद पडला की त्या दिवशी पुरावा म्हणून ते कार्डच उरते.

हे सारे वेबसाइटवर का होत नाही, असा प्रश्न येतो. नोंदणी आणि निकालासाठी वेबसाइट पुरेशी आहे, आणि क्लबने निदान तेवढे तरी वेबवरच ठेवावे असे मी सुचवीन. पण पडदा बंद झाल्यावर वेबपानाला जागेची माहिती मिळत राहत नाही. सततच्या मोजणीसाठी ॲपच लागते. त्यातही फोन आडवा येतो. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून न वापरल्या जाणाऱ्या ॲपना झोपवण्याची पद्धत आणली आणि काही फोन कंपन्यांनी त्यावर स्वतःचे आणखी कडक बॅटरी नियम लादले आहेत. म्हणून मोजणी चालू असताना ॲपने सूचनापट्टीत कायमची खूण दाखवून, मी काम करत आहे असे फोनला सांगत राहायचे असते. अँड्रॉइड १२ पासून वापरणारा फक्त अंदाजे जागा देण्याची परवानगी निवडू शकतो आणि तो अंदाज सुमारे ३ चौरस किमीचा असतो. हवामानाच्या ॲपला तो चालतो, ट्रिपमीटरला नाही. सुरुवातीच्या रेषेवर येण्याआधीच ॲपने ही परवानगी तपासून स्पष्ट शब्दांत सांगावे.

एप्रिलमध्ये डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन तापतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते. आयफोनसाठी ॲपलने भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. बाइकवर वेगळाच त्रास आहे. मोटरसायकलच्या इंजिनाची कंपने हँडलवर थेट बसवलेल्या फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडवू शकतात, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता, म्हणून कंपने शोषणारा माउंट वापरण्याची सूचना ॲपमध्ये द्यावी. बाइकवर बहुधा नेव्हिगेटर नसतो, त्यामुळे बाइकच्या पडद्यावर पुढचा ट्युलिप आणि लवकर-उशिराचे सेकंद, एवढेच मोठ्या अक्षरांत असावे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातले उपकरण केवळ मार्ग शोधण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीनेच वापरता येते, हेही ध्यानात ठेवावे.

नकाशाविषयी थोडक्यात. गूगलचा नकाशा ठराविक वापरानंतर पैसे मागतो. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मोफत आहे, पण श्रेय देणे बंधनकारक आहे आणि त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून घेण्यास मनाई आहे. म्हणून मार्गापुरता नकाशा स्वतः तयार करून ॲपसोबत द्यावा. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दिसल्या पाहिजेत, आणि त्यावरचा सोपा मार्ग म्हणजे नकाशा जिल्ह्याच्या पलीकडे लहान होऊच न देणे. तसेही ट्युलिपच असताना नेव्हिगेटर नकाशाकडे फारसा बघत नाही. काही स्पर्धांत तर स्पर्धकांना जीपीएस किंवा हिशोब करणारे साधन वापरण्यास मनाई असते किंवा अशांचा गट वेगळा असतो, त्यामुळे स्पर्धकाकडे फक्त माग ठेवणारा, आकडे न दाखवणारा प्रकारही तयार ठेवावा लागतो.

ॲपमध्ये काय नसावे हे ठरवणे तितकेच गरजेचे आहे. कमाल वेगाची यादी नसावी. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या सरळ पट्ट्यावर कोणाची गाडी किती वेगाने गेली हे ॲप दाखवू लागले, की क्लबने न सांगताही तिथे शर्यत सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या वेळी त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. टीएसडीचे सरासरी वेग कायद्याच्या मर्यादेत ठेवलेले असतात. ॲपने उलट काम करावे: मर्यादा ओलांडल्याची नोंद फक्त आयोजकांना दाखवावी आणि तिला दंडाचे गुण जोडावेत. राष्ट्रीय पातळीवर मोटरस्पोर्टचे नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) करते, पोलिसांची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि ॲप यांपैकी कशाचीही जागा घेत नाही.

गाडीचा माग ही खासगी माहिती आहे. तो सकाळी कोणत्या सोसायटीतून निघाला आणि रात्री कुठे थांबला, एवढ्यावरून घर कळते. म्हणून मोजणी सुरुवातीच्या रेषेवर सुरू व्हावी आणि शेवटच्या टेबलावर आपोआप बंद व्हावी, घरापासूनची वाट नोंदलीच जाऊ नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगून संमती घ्यावी लागते आणि १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. नेव्हिगेटर म्हणून कॉलेजातली मुले येतात तिथे हे महत्त्वाचे ठरते. प्रोटेस्टची मुदत संपली की माग पुसून टाकावेत. आपत्कालीन बटण असावे, पण ते डेटा नसताना एसएमएसने निरोप पाठवणारे असावे, कारण क्षीण रेंजमध्येही एसएमएस जाण्याची शक्यता असते. त्याच पडद्यावर ११२ ला फोन लावण्याची सोय द्यावी. रोडबुकच्या शेवटच्या पानावर छापलेला, मागच्या गाडीला दाखवायचा एसओएसचा फलकही राहू द्यावा. त्याला ना रेंज लागते, ना बॅटरी.

तंत्राची निवड हा वादाचा आवडता विषय असतो, पण क्लबसाठी त्याचे महत्त्व दुय्यम आहे. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या साधनांपैकी एक घेतले की एकाच लिखाणातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप तयार होतात. फक्त पडदा बंद असतानाची मोजणी दोन्हीकडे वेगळी लिहावी लागते. गूगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर आणि ॲपलच्या खात्याला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. गूगलचे नवे वैयक्तिक खाते असेल तर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असावे लागते. एकट्या प्रोग्रामरला ही अट जाचक वाटते; क्लबला बारा माणसे एका चहाच्या टपरीवर मिळतात.

चाचणी घरात बसून होत नाही. एकाच गाडीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन ठेवावेत, एक डॅशबोर्डवर, एक दरवाजाच्या कप्प्यात, एक बॅगेत, आणि मार्गाच्या रेकीच्या वेळी आयोजकांच्या ट्रिपमीटरशी तिन्हींचे आकडे प्रत्येक ट्युलिपवर लिहून घ्यावेत. कोणता फोन घाटात कमी मोजतो, कोणता फाटकावर जास्त मोजतो आणि कोणता दीड तासाने स्वतःहून झोपी जातो, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसते.

शेवटचा मुद्दा ॲप सांभाळण्याचा. प्ले स्टोअरवर राहायचे तर ॲप दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी अद्ययावत करावे लागते. तसे केले नाही तर नवे फोन घेणाऱ्यांना ते स्टोअरमध्ये दिसेनासे होते. ज्याने ॲप लिहिले तो उद्या नोकरीनिमित्त पुण्याला किंवा परदेशी गेला, तरी हे काम थांबू नये म्हणून स्टोअरचे खाते, मूळ लिखाण आणि ॲपवर डिजिटल सही करणारी किल्ली क्लबच्या नावावर ठेवावी आणि किमान दोघांना ती वापरता यावी. नवी आवृत्ती पावसाळा संपता संपता, मोसमातल्या पहिल्या रेकीच्या आधी तयार ठेवणे सोयीचे पडते, कारण मग रेकीच्या गाडीतच तिची पहिली चाचणीही होऊन जाते.